गॅरोश आधी वॉरचीफ, मग खचलेला तरुण: गोंधळ कथेचा नाही, क्रमाचा

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन गेमच्या लेखकांना स्वतःचीच कथा आठवत नाही, हा समज चुकीचा आहे. पुरावा म्हणून गॅरोश हा ऑर्क योद्धा दाखवतात: सुरुवातीच्या क्वेस्टमध्ये (खेळातल्या कामगिऱ्यांत) होर्ड या गटाचा वॉरचीफ, म्हणजे सर्वोच्च नेता, पुढे आउटलँडमधल्या नाग्रांड प्रदेशात वडिलांच्या कलंकाने खचलेला. झालं असं, की नोव्हेंबर २०१० मध्ये ‘कॅटाक्लिझम’ या एक्सपान्शनच्या (गेमच्या नव्या भागाच्या) तोंडावर १ ते ६० लेव्हलचे जुने प्रदेश नव्याने लिहिले गेले, पण त्यानंतर खेळायचे २००७च्या एक्सपान्शनचं आउटलँड आणि २००८च्या एक्सपान्शनचं नॉर्थरेंड हे प्रदेश तसेच राहिले. त्यामुळे खेळाडू नव्या काळातून मागे जायचा. दोष असलाच तर तो या मांडणीचा.

क्रम नीट लावायचा तर, कोणत्या काळातली कथा खेळायची ते निवडू देणाऱ्या क्रोमी या पात्राकडे आधी आउटलँड, मग नॉर्थरेंड, शेवटी कॅटाक्लिझम निवडा. होर्डकडून खेळताना नाग्रांडमधल्या माग’हार या ऑर्क लोकांच्या क्वेस्ट अजिबात सोडू नका. तेव्हाचा वॉरचीफ थ्रॉल गॅरोशला वडिलांचा पराक्रम दाखवतो आणि तो तिथेच पालटतो.