‘सगळं सांगून टाक, मन हलकं होईल’: हा सल्ला चुकतो कुठे?

हल्ल्यातून वाचलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी खोदून विचारलं जातं: कोण होता, काय केलं? एकदा बोललं की भीती जाते, हा समज जुना. एकेकाळी तज्ज्ञही एकाच बैठकीत सगळं वदवून घेत. अभ्यासांत त्याचा फायदा दिसला नाही, काहींना उलट त्रासच वाढला. जागतिक आरोग्य संघटना ही पद्धत सुचवत नाही. (पोलिसांना द्यायचा जबाब वेगळा, तपासासाठी तो लागतो.)

आधी पाणी, जेवण, झोप, सुरक्षित जागा बघा. ‘आत्ता काय हवंय?’ एवढंच विचारा. आपणहून बोलले तर ऐका. ‘तिथे गेलासच कशाला’ हे नकोच.

दचकणं, वाईट स्वप्नं महिन्यानंतरही टिकली तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

हल्ला तुमच्यावर झाला असेल, तर बाहेर पडणं टप्प्याटप्प्याने. सोबतीने गल्लीच्या टोकापर्यंत जा, धडधड ओसरेपर्यंत तिथेच थांबा. मग एकटं, मग बाजार. घाबरून लगेच माघारी फिरलं की भीती पक्की होते, म्हणून पायरी लहानच घ्या.

पुढे इतर पीडितांना मदत करायची असेल, तर भाषणापेक्षा सोबत द्या: जखमेच्या ड्रेसिंगला, पोलीस ठाण्यात, सरकारी भरपाईच्या अर्जासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात (मोफत कायदेशीर मदतीचं सरकारी कार्यालय).