सोर: समुद्रातल्या खडकावरचे श्रीमंत शहर

बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकातला २७ वा अध्याय हे एका शहरासाठी गायलेले विलापगीत आहे, पण वाचताना बंदरावरची मालाची वही उघडल्यासारखे वाटते. तार्शीश या दूरदेशाची चांदी, लोखंड, कथील आणि शिसे. यहूदा व इस्राएलचा गहू, मध, तेल. शिवाय हस्तिदंत आणि आबनूस. हे शहर म्हणजे सोर, आजच्या लेबननच्या किनाऱ्यावरचे. इंग्रजीतल्या 'टायर'पेक्षा मराठी बायबलमधले नाव मूळ उच्चाराच्या जवळ आहे. तिथे आजही 'सूर' म्हणतात आणि त्या जुन्या नावाचा अर्थ खडक.

शहर खरोखरच खडकावर होते. किनाऱ्यापासून अर्धा-पाऊण किलोमीटर आत एक लहानसे बेट, उत्तरेला एक बंदर आणि दक्षिणेला दुसरे. जागा इतकी कमी की इथली घरे रोममधल्या घरांपेक्षा जास्त मजल्यांची आहेत, अशी नोंद स्ट्रॅबो या ग्रीक भूगोलकाराने केली. त्याच्याही हजारभर वर्षे आधीच्या एका इजिप्शियन लेखात म्हटले आहे, की तिथे पाणी होड्यांतून नेतात आणि मासे वाळूपेक्षा जास्त आहेत. पिण्याचे पाणीच जिथे होडीने येते, तिथल्या माणसांनी व्यापार करायचा नाही तर काय करायचे?

सोरचा हिराम राजा आणि इस्राएलचा राजा शलमोन यांचा व्यवहार याच नजरेने वाचावा. इ.स.पूर्व १० व्या शतकात यरुशलेमच्या मंदिरासाठी देवदाराचे ओंडके तराफे बांधून समुद्रातून दक्षिणेकडे गेले. बदल्यात दरवर्षी गहू आणि तेल आले. बायबल त्याला स्नेह म्हणते. स्नेह असेलही, पण बेटाला धान्य हवेच होते.

खरी संपत्ती मात्र गोगलगाईंतून आली. म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगाईंच्या ग्रंथीतून जांभळा रंग काढत. १९०९ साली पाउल फ्रीडलेंडर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १२,००० गोगलगाई घेतल्या, तेव्हा रंग मिळाला जेमतेम १.४ ग्रॅम. राजेरजवाड्यांनाच परवडावा असा हा रंग. रंगशाळांच्या दुर्गंधीने शहरात राहणे नकोसे होते, पण त्यांनीच ते श्रीमंत केले, असेही स्ट्रॅबोच लिहितो.

इतक्या पैशावर साम्राज्यांचा डोळा असणारच. बाबेलचा (बॅबिलोनचा) राजा नबुखद्नेस्सर १३ वर्षे वेढा घालून बसला. त्याच्या सैनिकांच्या डोक्यांना टक्कल पडले, खांदे सोलवटले, तरी श्रमाचे मोल मिळाले नाही, हे खुद्द यहेज्केलच सांगतो. शेवटी सोरने बाबेलचे वर्चस्व मानले, पण बेट लुटले गेले नाही.

ते केले अलेक्झांडरने, इ.स.पूर्व ३३२ मध्ये. मेल्कार्त देवाच्या मंदिरात यज्ञ करण्यासाठी त्याला शहरात यायचे होते. सोरकरांनी दार उघडले नाही. मग किनाऱ्यावरची जुनी वस्ती पाडून तिचे दगड-लाकूड त्याने समुद्रात ओतले आणि बेटापर्यंत बांध घातला. सोरचे दगड, लाकूड व माती पाण्यात टाकतील, असे यहेज्केलाच्या २६ व्या अध्यायात आहे. ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही. तरीही बांध एकटा पुरला नसता. शेजारच्या सीदोन शहराची जहाजे अलेक्झांडरच्या बाजूने उतरली, हा घाव मला जास्त खोल वाटतो. सात महिन्यांनी तट फुटला. सुमारे ३०,००० माणसे गुलाम म्हणून विकली गेली.

शहर पुन्हा उभे राहिले. ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल आपल्या प्रवासात इथे सात दिवस राहिला. पण बांधाच्या दोन्ही अंगांना लाटा वाळू आणून टाकत राहिल्या. ती साचत, रुंदावत गेली आणि बेट किनाऱ्याला कायमचे जोडले गेले. आजच्या सूरमध्ये त्याच वाळूवर रस्ते आणि घरे आहेत.