जुन्या ईमेलवर एवढं स्पॅम येतं कुठून?

इंदूरच्या रामबागेत, राजेंद्रनगरात कुठल्याही मराठी घरी विचारा, 2000 सालाच्या आगेमागे सायबर कॅफेत बसून काढलेला एक ईमेल पत्ता निघतोच. मुलगा पुण्याला नोकरीला लागला, मुलगी अमेरिकेला गेली, तेव्हा काढलेला. पुढे तोच बँकेत दिला, विम्याच्या फॉर्मवर लिहिला, डीमॅट खात्याला जोडला. आज तो उघडला की स्वस्त कर्ज, न काढलेल्या तिकिटाची लॉटरी आणि ‘तुमचं खातं बंद होतंय’ अशा धमक्यांचा ढीग. न मागता आलेल्या असल्या मेलनाच स्पॅम म्हणतात. मुलं फोनवर म्हणतात, “बाबा, तुम्हीच कशावर तरी क्लिक केलं असणार.” बाबांवर हा आळ बहुतेक वेळा उगाचच येतो.

या प्रकाराचा पहिला नमुना 3 मे 1978 चा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीच्या गॅरी थर्क यांनी आपल्या नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजावरच्या, सुमारे 400 जणांना एकदम पाठवली. लोक चिडले, पण त्यातून विक्रीही झाली असं थर्क पुढे सांगत राहिले. फुकटात गिऱ्हाईक मिळतं म्हटल्यावर मागचे कशाला थांबतील? त्यात 1982 साली ईमेल पोचवण्याचे जे नियम ठरले, एसएमटीपी, त्यांत पाठवणारा खरा कोण हे तपासण्याची सोयच नव्हती. पाकिटाच्या मागे कोणाचंही नाव लिहावं आणि पोस्टमननं ते मुकाट्यानं पोचवावं, तसा कारभार. नेटवर सगळी विद्यापीठांतली आणि संशोधन संस्थांतली ओळखीची मंडळी, म्हणून तेव्हा ते चालून गेलं.

आपल्याकडे सामान्यांना इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीकडून. पुढच्याच वर्षी, 4 जुलैला, सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल सुरू केलं आणि फुकट पत्त्यांचं पेव फुटलं. तेव्हा पत्ता लपवायचा असतो हे कोणाच्या गावीही नव्हतं. मंडळाच्या स्मरणिकेत, संस्थेच्या वेबसाइटवर, प्रदर्शनातल्या ‘भाग्यवान विजेता’ कूपनवर तो सर्रास दिला जायचा. वेबसाइटवरचे पत्ते वेचणारे प्रोग्रॅम तेव्हाच निघाले होते. काही टोळ्या तर नुसत्या अंदाजानं पत्ते बनवायच्या: आडनाव, नावाचं आद्याक्षर, जन्मसाल. जे लवकर आले त्यांना छोटे, सुटसुटीत पत्ते मिळाले, आणि अंदाजात पहिले सापडले तेही तेच.

त्यानंतरची मोठी भर कंपन्यांकडून चोरीला गेलेल्या माहितीची, म्हणजे गळतीची. नोकरी-व्यवसायाच्या ओळखींसाठीच्या लिंक्डइन या साइटवरून 2012 साली चोरीला गेलेले सुमारे 11 कोटी 70 लाख पत्ते आणि पासवर्ड 2016 मध्ये विक्रीला आले. याहू या ईमेल कंपनीनं तर 2013 च्या चोरीत आपली तिन्ही अब्ज खाती सापडल्याचं चार वर्षांनी कबूल केलं. 2018 पासून धमकीच्या ज्या मेल फिरल्या, त्यांच्या पहिल्याच ओळीत माणसाचा खरा, जुना पासवर्ड असायचा आणि पाठवणाऱ्याच्या जागी त्याचाच पत्ता. वाचणाऱ्याचं धाबं दणाणायचं. प्रत्यक्षात पासवर्ड अशाच एखाद्या गळतीतला आणि ‘पाठवणारा’ 1982 च्या त्या पळवाटेतून घुसवलेला.

उपाय झाले नाहीत असं नाही. ऑगस्ट 2002 मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरनं मेलमधल्या शब्दांच्या संभाव्यतेवरून स्पॅम ओळखायची पद्धत मांडली, ती चांगलीच रुजली. जानेवारी 2004 मध्ये बिल गेट्स दोन वर्षांत स्पॅम संपेल असं सांगून मोकळे झाले. संपलं काहीच नाही, फक्त वेगळ्या फोल्डरमध्ये गेलं. चाळण्या कितीही बारीक झाल्या तरी पाठवणाऱ्याला खर्च जवळपास शून्यच.

कायद्याची गंमत निराळीच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66अ मध्ये त्रास देणाऱ्या किंवा पाठवणाऱ्याबद्दल दिशाभूल करणाऱ्या ईमेलचा उल्लेख होता. 24 मार्च 2015 ला सर्वोच्च न्यायालयानं ते कलम अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्द केलं. ते योग्यच झालं, पण त्याबरोबर ही ओळही गेली. ट्राय या दूरसंचार नियामकाचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ कॉल आणि एसएमएसपुरतं, ईमेलला ते लागू नाही.

खरा फरक पडला तो फेब्रुवारी 2024 पासून. गुगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम या ओळख पटवणाऱ्या खुणा सक्तीच्या केल्या, आणि जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर नाव काढायची सोयही. जीमेलमध्ये संगणकावर मेल उघडून ‘शो ओरिजिनल’ दाबलं की या खुणा दिसतात. वर बँकेचं नाव आणि खाली एसपीएफसमोर ‘फेल’ असेल, तर ती मेल सरळ स्पॅममध्ये टाकावी. ‘पास’ दिसलं म्हणून मात्र विश्वास टाकू नये, कारण भामट्याच्या स्वतःच्या डोमेनलाही (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावालाही) पास मिळतो. ‘अनसबस्क्राइब’ ओळखीच्या दुकानाच्या किंवा विमा कंपनीच्या मेलमध्येच दाबावं. अनोळखी मेलमध्ये दाबलं तर पत्ता चालू आहे एवढंच समोरच्याला कळतं.

मग टाकून का देऊ नये असला पत्ता? कारण बँकेचे ओटीपी आणि पासवर्ड बदलण्याचे दुवे अजून तिथेच येतात. शिवाय 2013 मध्ये याहूनं वर्षभर न वापरलेली नावं दुसऱ्यांना द्यायला काढली होती, आणि काही नव्या मालकांच्या हाती जुन्यांची खासगी पत्रं पडली. म्हणून आधी बँक, विमा, डीमॅट नव्या पत्त्यावर हलवावं, जुन्याचा पासवर्ड बदलून दुहेरी पडताळणी (पासवर्डशिवाय आणखी एक खातरजमा) लावावी, आणि अधूनमधून लॉगिन करून तो जिवंत ठेवावा.