उच्च-विभेदन ध्वनितबकड्या आणि बहुवाहिनी श्रवण

साध्या सीडीपेक्षा अधिक बारकाईने ध्वनी साठवणाऱ्या, पण आकाराने सीडीएवढ्याच (१२० मिमी. व्यासाच्या) चकत्यांना उच्च-विभेदन ध्वनितबकड्या म्हणतात. सुपर ऑडिओ सीडी (एसएसीडी), डीव्हीडी-ऑडिओ आणि नंतर आलेली ब्लू-रे ऑडिओ हे त्यांचे मुख्य प्रकार. एकाच तबकडीवर तेच संगीत दोन वाहिन्यांत (स्टिरिओ; वाहिनी म्हणजे एकेका स्पीकरसाठीचा स्वतंत्र आवाज) आणि पाच-सहा वाहिन्यांतही ठेवता येत असल्याने ‘तबकडी कोणती’ या प्रश्नाला ‘स्पीकर किती’ हा दुसरा प्रश्न पहिल्यापासून चिकटलेला आहे. पहिल्याचे उत्तर बरेचसे स्टुडिओत ठरते, दुसऱ्याचे ऐकणाऱ्याच्या दिवाणखान्यात. म्हणून प्रस्तुत नोंदीत नाशिकमधील घरे व मैफली यांचाही विचार केला आहे.

तंत्र : १९८२ साली बाजारात आलेली सीडी ध्वनिलहरीच्या उंचीचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते आणि प्रत्येक नमुना १६ बिटांत मांडते. त्यामुळे सुमारे २२ किलोहर्ट्झपर्यंतची कंप्रता व सर्वांत हळू ते सर्वांत मोठ्या आवाजापर्यंत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो. उतारवयात १५ किलोहर्ट्झदेखील धड ऐकू येत नाही, हे लक्षात घेता हा हिशेब कंजूष म्हणता येणार नाही.

सोनी व फिलिप्स यांनी १९९९ मध्ये आणलेल्या एसएसीडीने निराळी वाट धरली. तिच्यात नमुना एकाच बिटाचा असतो, पण असे नमुने सेकंदाला २८,२२,४०० घेतले जातात, म्हणजे सीडीच्या ६४ पट. एका बिटामुळे होणारा प्रचंड खरखराट गणिताने ऐकण्याच्या पट्ट्याबाहेर, २० किलोहर्ट्झच्या वर ढकलला जातो. तो नाहीसा होत नाही; घरातला केर गालिच्याखाली सारावा तसा प्रकार. अनेक एसएसीडी दुपदरी असतात. वरचा अर्धपारदर्शक थर ६५० नॅनोमीटरच्या लेसरला दिसतो, ७८० नॅनोमीटरचा लेसर मात्र त्यातून आरपार जाऊन खालची साधी सीडी वाचतो. अशी तबकडी कुठल्याही जुन्या सीडी प्लेअरवर वाजते, हे तिच्या टिकण्याचे एक मोठे कारण.

पुढच्याच वर्षी आलेली डीव्हीडी-ऑडिओ ही सीडीच्याच पद्धतीने, पण २४ बिटांत चाले : स्टिरिओसाठी १९२ किलोहर्ट्झपर्यंत, सहा वाहिन्यांसाठी ९६ पर्यंत. सहा वाहिन्यांची ही माहिती सेकंदाला १३.८ मेगाबिट होते आणि तबकडीवरून ९.६ मेगाबिटच वाचता येतात. म्हणून मेरिडियन कंपनीची, काहीही न गमावता माहिती घट्ट बांधणारी पद्धत वापरावी लागली. कागदावर ही तबकडी एसएसीडीला हार जाणारी नव्हती. तिचे दुखणे व्यवहारातले होते. अनेक तबकड्यांवर हवी ती वाहिनी-मांडणी निवडायला टीव्ही सुरू करून मेनू पाहावा लागे. संध्याकाळी मालिका चालू असलेल्या घरात कोणाला यमन ऐकण्यासाठी टीव्ही मागायचा असेल, तर त्या तबकडीचे भवितव्य सांगायला ज्योतिषी नको. १९७० च्या दशकात चार वाहिन्यांच्या (क्वाड्रोफोनिक) एलपी निघाल्या, तेव्हाही एसक्यू, क्यूएस व सीडी-४ या एकमेकींशी न जुळणाऱ्या पद्धतींच्या भांडणात गिऱ्हाइकाने पाठ फिरवली होती. तीस वर्षांनी एसएसीडी विरुद्ध डीव्हीडी-ऑडिओ असा तोच खेळ उद्योगाने पुन्हा मांडला.

ऐकू येणारा फरक : २००७ मध्ये मेयर व मोरन या ध्वनी-अभ्यासकांनी एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. उच्च-विभेदन तबकडीचा स्टिरिओ आवाज कधी थेट, तर कधी मध्ये १६ बिट व ४४.१ किलोहर्ट्झची चाळणी लावून ऐकवला. कोणता कोणता हे श्रोत्यांना माहीत नव्हते. ५५४ प्रयत्नांत बरोबर उत्तरे निम्म्याला टेकली, म्हणजे नाणे उडवल्यासारखी. २०१६ मध्ये ध्वनी-संशोधक जोशुआ राइस यांनी अशा १८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के निघाले. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने खरा, पण बारीक.

तरीही एसएसीडी ऐकून ‘वा!’ म्हणणारे खोटे बोलत नसतात. मेयर-मोरन यांनीच नोंदवले आहे की या तबकड्या एकूणात सीडींपेक्षा चांगल्या वाजतात, कारण त्या जास्त काळजीने तयार केलेल्या असतात. सर्वसाधारण सीडीचा आवाज दुकानात उठून दिसावा म्हणून दाबून मोठा केलेला असतो. चोखंदळ गिऱ्हाइकासाठीच्या तबकडीवर ती घाई नसते. दुपदरी तबकडीचे दोन थर आलटून पालटून ऐकणे म्हणूनच न्याय्य तुलना ठरत नाही. दोन्ही थरांचे मास्टर (तबकडी छापण्यासाठी तयार केलेली अंतिम ध्वनिप्रत) वेगळे असू शकतात, आणि किंचित मोठा आवाज कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो.

मुळात नसलेले तबकडी आणू शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पं. दत्तात्रेय विष्णू पलुस्कर १९२१ मध्ये नाशिकला जन्मले आणि १९५५ मध्ये, स्टिरिओ एलपी बाजारात येण्याआधीच गेले. त्यांचा आवाज एका वाहिनीतला आहे. तो कितीही किलोहर्ट्झमध्ये भरला तरी तानपुरा डावीकडे सरकणार नाही. जुन्या फितीची निगुतीने केलेली साफसफाई इथे जास्त कामाची.

बहुवाहिनी मांडणी व नाशिकची घरे : पाच वाहिन्यांच्या प्रमाण मांडणीत एक स्पीकर समोर, दोन समोरच्या बाजूंना ३० अंशांवर आणि दोन मागे सुमारे ११० अंशांवर, सर्व श्रोत्यापासून सारख्या अंतरावर असतात. सहावी वाहिनी फक्त खर्जाची. म्हणजे ऐकणारा खोलीच्या मध्याजवळ हवा.

गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमधला १० बाय १४ फुटांचा हॉल डोळ्यांपुढे आणा. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, एका बाजूला बाल्कनीची सरकती काच, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारी मोकळी वाट, खाली चकचकीत फरशी. मागचे दोन स्पीकर ठेवायचे कुठे? बहुधा ते भिंतीत खिळे ठोकून छताजवळ जातात आणि डोक्यावरून कुजबुजतात. त्यात १४ फुटांच्या लांबीमुळे सुमारे ४० हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीमुळे सुमारे ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते. तबल्यातल्या डग्ग्याचा घुमारा या पट्ट्याजवळ आला की तो वादकाचा कमी आणि बिल्डरचा जास्त ऐकू येतो. त्या तुलनेत जुन्या नाशकातल्या वाड्यांचे जाड भिंतींचे, लाकडी माळवदाचे दालन आवाजाला अधिक मानवते. असे वाडे आता थोडेच उरले. फ्लॅटमध्ये जाड पडदा, सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट यांनी जेवढा फरक पडतो, तेवढा तबकडी बदलून पडत नाही.

आणखी एक खोच आहे. स्पीकरांची अंतरे जुळवण्यासाठी आणि खर्ज सबवूफरकडे (खर्जाच्या स्पीकरकडे) वळवण्यासाठी बहुतेक रिसीव्हर (स्पीकर चालवणारी यंत्रे) एसएसीडीची एक-बिटी माहिती नेहमीच्या बहुबिटी रूपात बदलून घेतात. शुद्धतेसाठी तबकडी घेणाऱ्याच्या घरात ती शुद्धता रिसीव्हरच्या दारातच थांबते.

भारतीय संगीत : शास्त्रीय मैफलीत गायक, तबला, पेटी आणि तानपुरे सगळे समोर असतात. दोन चांगले स्पीकर नीट ठेवले तर हे चित्र पुरेसे उभे राहते; मागून फक्त सभागृहाचा घुमार आणि श्रोत्यांची दाद यायची. महाकवी कालिदास कलामंदिरात बसूनही गायन ऐकू येते ते बरेचसे रंगमंचाच्या बाजूंच्या ध्वनिवर्धकांतूनच.

पण नेहरू चौकातल्या पिंपळपारावर दिवाळी पाडव्याच्या पहाटे होणारी मैफल वेगळी. तिथे मागची बाजू गप्प नसते : पाखरे, लांबची घंटा, उशिरा येणाऱ्याची स्कूटर, बसायला जागा शोधणाऱ्यांची खुसपूस. अशा मैफलीचे पाच वाहिन्यांतले मुद्रण केले तर मागच्या स्पीकरांना खरे काम मिळेल. त्याहून मोठी कसोटी नाशिक ढोलाची. रविवार कारंजाजवळ विसर्जन मिरवणुकीत उभे राहिल्यावर ठोका समोरून येतो, इमारतींवर आपटून पाठीमागून परततो आणि छातीत उतरतो. स्टिरिओत ही मिरवणूक खिडकीतून पाहिल्यासारखी वाटते. बहुवाहिनी मुद्रणात ती भोवती उभी राहू शकते, मात्र शेजारी घरात असताना त्या पातळीला आवाज नेणे वेगळा विषय आहे.

सद्यःस्थिती : डीव्हीडी-ऑडिओ जवळपास संपली. एसएसीडी मुख्यतः पाश्चात्त्य अभिजात संगीत व जपानी बाजारपेठ यांच्या आधाराने तग धरून आहे. दोन्ही प्रकार वाजवणारे प्लेअर बनवणाऱ्या ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवी उत्पादने थांबवली. सुरुवातीच्या काही प्लेस्टेशन ३ यंत्रांवर एसएसीडी वाजते. मुलाने अडगळीत टाकलेले असे यंत्र फेकण्यापूर्वी त्याचा मॉडेल क्रमांक पाहून घ्यावा.