कचेरीतला पंखा किती कोळसा खातो?

सरकारी कामासाठी बाकावर ताटकळत बसायची वेळ आली की मी छताकडे बघत बसतो. एका मे महिन्यात एका कचेरीत असाच दोन तास बसलो होतो. साहेब दौऱ्यावर, कारकून जेवायला, आणि हॉलमधले चौदाच्या चौदा पंखे रिकाम्या खुर्च्यांना वारा घालत होते. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून हातातल्या अर्जाच्या पाठीवर हिशेब मांडला.

जुना पंखा साधारण 75 वॅटचा असतो. दिवसाला नऊ तास आणि वर्षाला कामाचे 250 दिवस धरले तर एक पंखा सुमारे 169 युनिटं खातो. आपल्या देशाच्या ग्रिडमधून येणाऱ्या एका युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण हा आकडा दरवर्षी काढतं आणि त्यात कोळशाबरोबर पाणी, वारा, ऊन, अणू सगळं धरलेलं असतं. म्हणजे एका पंख्याच्या नावावर वर्षाला 118 किलो आणि त्या हॉलच्या नावावर दीड टनाहून जास्त.

निव्वळ कोळशावरची वीज घेतली तर एका युनिटमागे साधारण एक किलो वायू निघतो, आणि जळतो मात्र 600-700 ग्रॅमच कोळसा. त्यातही आपल्या कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. मग धूर कोळशापेक्षा जड कसा? कारण जळताना कार्बनचा प्रत्येक अणू हवेतल्या ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो. 12 ग्रॅम कार्बनला 32 ग्रॅम ऑक्सिजन मिळाला की 44 ग्रॅम वायू होतो. वजनातला मोठा वाटा हवेचाच.

आता बाजारात मिळणारा बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा, पंखा घ्या. वारा तेवढाच, पण वीज 28 ते 35 वॅट. जुन्या पंख्याच्या मोटरमध्ये फिरणाऱ्या भागातही वीज खेळवावी लागते, तेव्हा त्याचं चुंबक होतं, आणि त्या खटाटोपात बरीच वीज नुसती तापण्यात जाते. हात लावून पाहा, दिवसभर चाललेला जुना पंखा चांगला गरम लागतो. बीएलडीसीमध्ये फिरणाऱ्या भागावर कायमचंच चुंबक बसवलेलं असतं, त्यामुळे तो खर्च वाचतो. भिंतीवरचा तो जुना, मोठ्या डबीसारखा रेग्युलेटर तर आणखी गमतीचा. पंखा हळू केला की आपल्याला वाटतं वीज वाचली. प्रत्यक्षात वाचते ती थोडीच, कारण पंख्याच्या वाटची वीज अडवून तो स्वतः तापत बसतो.

पंखा बदलला की वर्षाला शंभर युनिटं वाचतात. युनिटचा दर दहा रुपये धरला तर हजार रुपये झाले. पंखा येतो अडीच-तीन हजारांना. तीन वर्षांत पैसे वसूल, पुढची सगळी वर्षं फुकट. घरात असं गणित दिसलं तर माणूस रविवारीच दुकान गाठतो. सरकारी इमारतीत तसं होत नाही, आणि त्याचं कारण आळस नाही. मला तरी तसं वाटत नाही. सरकारात वीजबिल एका लेखाशीर्षातून, म्हणजे अंदाजपत्रकातल्या एका रकान्यातून, जातं आणि नवी खरेदी दुसऱ्यातून. बिल कितीही आलं तरी ते ‘आवर्ती’, म्हणजे दरवर्षीचा नेहमीचा खर्च, म्हणून भरलं जातं. पंख्यासाठी मात्र प्रस्ताव लागतो, मंजुरी लागते, निविदा लागते. शिवाय वाचलेले हजार रुपये त्या कार्यालयाच्या हाती येतच नाहीत. उलट पुढच्या वर्षी वीजबिलाची तरतूद तेवढी कापली जाते. वाचवणाऱ्याला बक्षीस म्हणून कात्री! शिवाय सर्वात कमी दराची निविदा घ्यायची म्हटलं की जुन्या तंत्राचा स्वस्त पंखाच जिंकणार. 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनी केंद्राच्या खात्यांना ठरावीक उपकरणं किमान ठरलेल्या तारांकनाचीच (तारे जितके जास्त, तितकी वीज कमी) घ्यायला सांगितली, आणि 1 जानेवारी 2023 पासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचं झालं. तेव्हा कुठे ही पळवाट थोडी बुजली.

लेखाशीर्षाच्या गाठीवर जो उपाय निघाला तो मला सौर पॅनेलपेक्षाही हुशारीचा वाटतो, जरी त्यात चकचकीत असं काहीच नाही. ईईएसएल ही केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सार्वजनिक कंपन्यांनी मिळून 2009 मध्ये काढलेली कंपनी. एलईडी दिवे लाखांनी एकदम विकत घेऊन त्यांचे भाव पाडले ते हिनेच. इमारतींसाठी तिची पद्धत अशी: दिवे, पंखे, एसी बदलायचा खर्च आधी कंपनी करते. बिलात जी बचत होते त्यातून खातं तिचे पैसे हप्त्याहप्त्याने फेडतं. म्हणजे नवी भांडवली मंजुरी नको, पैसे आवर्ती खर्चातूनच निघतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानेही 2017 मध्ये आपल्या इमारतींसाठी या कंपनीशी करार केला. यात अडचण एकच: बचत झाली हे ठरवायचं कसं? बऱ्याच जुन्या इमारतींत अख्ख्या इमारतीला एक मीटर. तिसऱ्या मजल्यावर पंखे बदलले आणि त्याच महिन्यात पहिल्या मजल्यावर चार नवे एसी लागले, तर बिल वाढलेलंच दिसणार. म्हणून असल्या कामात मजल्यागणिक वेगळे मीटर आधी हवेत. फीत कापायला मीटर उपयोगी नाही, त्यामुळे तो मागेच राहतो.

पंख्यांबद्दल इतकं लिहिलं, पण खरा खादाड एसी. दीड टनाचा एक एसी पूर्ण जोरात चालला की वीस जुन्या पंख्यांएवढी वीज ओढतो. एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. विहिरीतून पाणी शेंदण्यासारखंच आहे हे, विहीर जितकी खोल तितके श्रम जास्त. आत 18 अंश आणि बाहेर 42 म्हणजे विहीर 24 अंश खोल. आत 24 ठेवलं तर तीच 18 वर येते. शिवाय दालन जितकं गार, तितकी भिंती-खिडक्यांतून आत झिरपणारी उष्णताही जास्त. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या अंदाजाप्रमाणे तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे 6 टक्के वीज वाचते. म्हणूनच 2020 पासून विकल्या जाणाऱ्या तारांकित एसींवर सुरुवातीची खूण 24 अंशांची असते. रिमोटने ती खाली नेता येतेच, आणि वरिष्ठांच्या दालनात ती नेलीही जाते. बाहेर 42 अंश आणि आत शाल पांघरलेल्या स्टेनो बाई, हे दृश्य पाहिलं नाही असा वाचक विरळा.

एसीचं आणखी एक पाप बिलात दिसत नाही. अनेक जुन्या एसींच्या नळ्यांत फिरणारा आर-410ए हा वायू हवेत सुटला तर तापमानवाढीच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट भारी पडतो. एका एसीतला किलोभर वायू गळाला की दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. चौदा पंख्यांच्या त्या हॉलचा अख्ख्या वर्षाचा हिशेब एका गळतीने मागे टाकला. नव्या यंत्रांत आर-32 असतो, तो सुमारे 675 पट, म्हणजे त्या मानाने बरा. पण सरकार जुने एसी काढून नवे बसवतं तेव्हा जुने जातात भंगारात, आणि तिथे तांब्याच्या नळीवर पहिली करवत पडते तेव्हा वायू सुटतो. जुना वायू नीट काढून घेण्याची अट निविदेत नसेल, तर विजेत कमावलेलं एका दुपारी भंगारवाल्याच्या अंगणात उडून जातं.

नवी सरकारी इमारत मुळातच नीट बांधली तर काय होतं, याचा आपल्याकडचा गाजलेला नमुना दिल्लीत जोरबागेजवळ आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं हे मुख्यालय, इंदिरा पर्यावरण भवन. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने ते बांधलं आणि 25 फेब्रुवारी 2014 रोजी त्याचं उद्घाटन झालं. वर्षभरात जितकी वीज लागेल तितकी छतावरच तयार करायची, म्हणजे वजाबाकी ‘शून्य’, असा त्याचा संकल्प. छतावर 930 किलोवॅटची पॅनेल आहेत आणि त्यांच्याकडून वर्षाला 14 लाखांवर युनिटांची अपेक्षा धरली होती.

पण पॅनेल हा त्यातला शेवटचा धडा. आधी त्यांनी भूक कमी केली. मधे मोठं अंगण ठेवलं, त्यामुळे बहुतेक टेबलांपर्यंत उजेड आपसूक पोचतो. भिंती फ्लाय अ‍ॅशच्या, म्हणजे कोळशाच्या उडत्या राखेच्या, हलक्या, पोकळीदार ठोकळ्यांच्या, ज्या उष्णता सहज आत येऊ देत नाहीत. आणि एसीची उष्णता त्यांनी चक्क जमिनीत पुरली. त्यासाठी आवारात 80 मीटर खोल अशी 180 विंधनं, म्हणजे बोअर, घेतली. आपल्या गावच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात गार आणि थंडीत कोमट लागतं ना, तेच तत्त्व. काही मीटर खाली गेलं की ऋतूंचा मागमूस उरत नाही, वर्षभराच्या सरासरीइतकं तापमान कायम राहतं, दिल्लीत ते पंचविशीच्या आसपास. बाहेरच्या 44 अंशांच्या झळांमध्ये उष्णता ढकलण्यापेक्षा पंचविशीच्या मातीत सोडणं कितीतरी सोपं. शेंदायची विहीर उथळ झाली, एवढंच.

‘शून्य’ हा शब्द मात्र जपून वाचावा. तो वार्षिक बेरजेतला शून्य आहे. पावसाळी, ढगाळ दिवशी आणि संध्याकाळनंतर इमारत ग्रिडचीच वीज घेते, आणि त्या वेळी ग्रिडवर कोळसाच जास्त असतो. तरी सरकारी कचेरीला एक मोठा फायदा आहे, जो घराला नाही. सूर्याची आणि कचेरीची ड्युटी जवळपास एकाच वेळची! घरात वीज लागते संध्याकाळी सातनंतर, कचेरीत दुपारी. शनिवार-रविवारी तर पॅनेल एकटीच कामावर असतात आणि सगळी वीज बाहेर देतात. फेब्रुवारी 2024 मध्ये घरांच्या छतांवर सौर पॅनेल बसवण्याची पीएम सूर्यघर योजना आली तेव्हा केंद्राच्या इमारतींची छतंही 2025 पर्यंत पॅनेलखाली आणायचं ठरलं, त्यामागे हे साधं जुळणं आहे. छत्तीसगडने तर त्याच्याही कितीतरी आधी शेकडो प्राथमिक आरोग्य केंद्रांवर सौर संच बसवले. तिथे कार्बन कुणाच्या मनात नव्हता. लसींचा फ्रीज आणि रात्रीची बाळंतपणं वीज गेल्यावर अडू नयेत, हा हेतू होता.

कायदेकानूंचं थोडक्यात सांगतो. 2001 चा ऊर्जा संवर्धन कायदा, 2007 ची इमारतींच्या वीजवापराची संहिता, 2017 ची तिची कडक आवृत्ती, 2022 ची कायदादुरुस्ती. संहिता नव्या मोठ्या व्यापारी इमारतींना लागू पडते, आणि राज्याने ती आपल्याकडे लागू करावी लागते. जुन्या इमारती बहुतेक यातून सुटतात, आणि आपल्या बहुसंख्य कचेऱ्या जुन्याच.

जुनी इमारत पाडून नवी ‘हरित’ बांधावी, हा मोह इथे होतो. पण सिमेंटच्या एका टनामागे सहाशे ते नऊशे किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त इंधनाचा नसून चुनखडीतूनच सुटलेला असतो. तो कुठल्याही सौर भट्टीने टळत नाही. उभी चौकट म्हणजे आधीच भरलेलं बिल. 2012 च्या आगीत मुंबईतल्या मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, तरी इमारतीचा सांगाडा ठेवून नूतनीकरण झालं. कारणं वेगळी असतील, पण कार्बनच्या वहीत ते जमेलाच पडलं.

आणि आपल्या जुन्या कचेऱ्या काही मूर्खांनी बांधलेल्या नाहीत. नागपूर-जळगावच्या कोरड्या उन्हात जाड दगडी भिंत दिवसभराची उष्णता पोटात घेते आणि रात्री, कचेरी बंद असताना, बाहेर टाकते. मुंबई-रत्नागिरीत रात्रही दमट आणि उबदार, तिथे ही युक्ती फारशी चालत नाही. तिथे लागतो समोरासमोर खिडक्यांतून वाहणारा वारा आणि उन्हाला भिंतीपर्यंत पोचू न देणारा व्हरांडा. कूलर नागपुरात चालतो आणि मुंबईत नुसता चिकचिकाट करतो, त्याचंही मूळ याच दमटपणात आहे.

त्या दिवशीच्या कचेरीलाही तिन्ही बाजूंनी व्हरांडा होता. म्हणजे कधीतरी होता. आता तो सरकत्या काचांनी बंद केलेला, आत छतापर्यंत लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे. वारा अडला म्हणून आतल्या तीन खोल्यांत एसी लागले, आणि त्यांची बाहेरची यंत्रं त्याच बंद व्हरांड्यात गरम हवा फुंकत होती, म्हणजे विहीर आपणच खोल करून शेंदत बसल्यासारखं. परत आलेल्या कारकुनांना मी विचारलं, एवढे गठ्ठे कसले? ते म्हणाले, “निम्मे ‘ड’ वर्गातले असतील, कधीच नष्ट करायला हवे होते. पण वर्गवारी करायला माणूस कुठाय?”