आग पलीकडे, राजा अलीकडे

हंगेरीच्या राजांचा बुडा (आजच्या बुडापेस्टचा भाग) इथला वाडा १५४१ मध्ये तुर्कांकडे गेला आणि १६८६ च्या वेढ्यात उद्ध्वस्त झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे उत्खनन झालं, तेव्हा ढिगाऱ्यातून रंगीत झिलईच्या खापऱ्या निघाल्या. राजाची दालनं ऊबदार ठेवणाऱ्या भट्ट्यांचे हे तुकडे. पुढून कोरीव नक्षी. मागून मात्र कुंभाराच्या बोटांचे ठसे आणि काजळी.

ही भट्टी म्हणजे माणसाहून उंच, चहूबाजूंनी बंद असा मातीचा पेटाराच. लाकडं बहुधा मागच्या बोळातून सारत, त्यामुळे धूर, राख आणि नोकरांची ये-जा भिंतीपलीकडेच राही. दालनात यायची ती नुसती ऊब. सुरुवात साधीच होती. आल्प्सच्या परिसरात भट्टीच्या ओल्या मातीत चाकावरची बोळकी बसवत. पृष्ठभाग वाढला की उष्णता जास्त मिळे. याच बोळक्यांपासून भट्टीची टाइल घडली; जर्मनमध्ये तिला ‘काखेल’ म्हणतात, तो शब्दही मुळात भांड्याचाच. पुढे बोळक्यांची तोंडं चौकोनी झाली आणि त्यांवर साच्यातून काढलेली चित्रं आली. आग दिसतच नाही म्हटल्यावर नजर टाइलवरच जाणार; राजांनी ही जागा मोकळी सोडली असती तरच नवल!

सर्वांत गाजलेली भट्टी लास्लो पाचवा या कोवळ्या राजाची, १४५४ ते १४५७ च्या सुमाराची. तिच्या टाइलवर भाला रोखून घोडा फेकणारे सरदार जाळीकामात कोरले आहेत. लास्लो १४५७ मध्येच, अवघ्या सतराव्या वर्षी वारला. त्याच्यामागून आलेल्या मात्याशच्या काळात तर खुद्द राजाच सिंहासनासकट टाइलवर येऊन बसला.

या सरदारांच्या टाइलच्या नकला स्लोव्हाकिया, ट्रान्सिल्व्हेनियापर्यंत पोचल्या. साचा हाती नसेल तर तयार टाइलवरूनच नवा साचा घेता येई. पण माती वाळताना, भाजताना आक्रसते. म्हणून प्रत्येक नकलेत सरदार थोडा लहान आणि नाकडोळ्यांनी थोडा पुसट होत जाई. खापऱ्यांची पिढी ओळखायला संशोधकांना याचा मोठा उपयोग होतो.

अखंड उभी भट्टी बघायची तर ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या किल्ल्यात जावं लागतं. १५०१ ची ही भट्टी राजाची नव्हे, तिथे सत्ता चालवणाऱ्या आर्चबिशप लेओनहार्ड फॉन कॉयट्शाखची. थाट मात्र राजाचाच. त्याच्या कुलचिन्हात सलगमचा कंद आहे आणि त्या किल्ल्यात तो जागोजागी भेटतो.