पदवी मेकॅनिकलची, नोकरी सॉफ्टवेअरची: कॅनडाचा पीआर अडतो का?

‘शिक्षण एका शाखेचं आणि काम दुसऱ्या शाखेचं, मग कॅनडाचा पीआर (कायमच्या वास्तव्याचा परवाना) विसरा,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. एक्स्प्रेस एंट्री ही कुशल कामगारांना गुणांवर पीआरसाठी निवडण्याची कॅनडाची पद्धत. तिच्या फेडरल स्किल्ड वर्कर प्रकारात पदवी आणि अनुभव वेगवेगळे तपासले जातात. पदवीचं मूल्यांकन ती कॅनडातल्या कोणत्या पातळीच्या शिक्षणाइतकी आहे एवढंच सांगतं. गुण त्या पातळीचे. तुमचं काम तिच्याशी जुळतं का, हे तिथे कुणी विचारत नाही.

खरी मेख अनुभवाच्या पत्रात असते. गेल्या 10 वर्षांत किमान एक वर्ष सलग, आठवड्याला 30 तासांच्या हिशेबाने कुशल काम केलेलं हवं, आणि ते निवडलेल्या एनओसी कोडच्या (कॅनडा सरकारच्या व्यवसायांच्या यादीतला त्या कामाचा क्रमांक) वर्णनाशी जुळायला हवं. हुद्दा दुय्यम. पत्रावर ‘सीनियर एक्झिक्युटिव्ह’ लिहिलंय पण रोजचं काम टेस्टिंगचं, तर कोड टेस्टिंगचाच. (सरकारी वर्णन जसंच्या तसं पत्रात चिकटवू नका, लगेच संशय येतो.)

हा गैरसमज बहुधा ऑस्ट्रेलियावरून आला असावा. तिथल्या कौशल्य मूल्यांकनात पदवी कामाशी संबंधित नसेल, तर आयटीवाल्यांना अनुभव जास्त वर्षांचा दाखवावा लागतो.